भंगार, वीरगळ आणि बागेतलं फायबरचं हरीण

पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या घाटकोपर-भांडुप-मुलुंड पट्ट्याचा आहे आणि पावसाळ्याआधी एक निर्णय व्हायचा आहे. म्हणून वेळ काढून वाचा, ही विनंती.

मागच्या रविवारी आमच्या भागातल्या एका लहानशा बागेच्या सुशोभीकरणासाठी रहिवाशांची बैठक झाली. कंत्राटदाराने रंगीत चित्रं आणली होती. फायबरची दोन हरणं, एक जिराफ, 'आय लव्ह' लिहिलेली मोठी लाल अक्षरं आणि संध्याकाळी लागणारे दिवे. ज्येष्ठ मंडळींनी माना डोलावल्या. मग कॉलेजमधली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "हे सगळीकडे आहे. दिल्लीत २०१९ मध्ये भंगारातून ताजमहाल, आयफेल टॉवर अशी सात आश्चर्यं उभी केली, तसं आपण काहीतरी करूया ना." कंत्राटदार लगेच तयार. "ताई, ते पण होईल. भंगाराचा मोर मिळतो, तयार. घोडा पण मिळतो."

तोवर मी गप्प होतो. मी एवढंच विचारलं, "कुठलं भंगार?"

तो हसला. "काका, भंगार ते भंगार. कुठलं का असेना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. टाकून दिलेल्या, मोडलेल्या वस्तू उचलून बागेत मांडायचं काम मुंबई आज करत नाहीये, दीडशे वर्षांहून अधिक काळ करतेय. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वस्तू कुठली, हे ज्यांनी सांभाळलं त्यांच्या बागेत आठवण राहिली. ज्यांनी ते सोडून दिलं त्यांच्या बागेत नुसती शोभा उरली.

सुरुवात राणीच्या बागेपासून करतो, कारण लहानपणी आपण सगळे तिथे गेलोय. माकडं, हत्ती, पाणघोडा बघितला आणि घरी आलो. पण बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, आणखी एक हत्ती आहे. दगडाचा. बहुतेक जण त्याच्यासमोर फोटो काढून पुढे जातात.

हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज आले तेव्हा तो बेटाच्या धक्क्याजवळ उभा होता आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिलं. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. पुढे १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारीची साखळी तुटली आणि अख्खा हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले.

आता विचार करा, त्या तुकड्यांची किंमत काय होती? फुटलेला काळा दगड. त्याच काळात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडायचं काम चालू होतं, शहरात फुटक्या दगडाला तोटा नव्हता. कुणीही ते भरावात ढकलून दिले असते. पण जॉर्ज बर्डवुड या गृहस्थांनी, जे तेव्हा मुंबईच्या संग्रहालयाचं काम बघत होते, ते तुकडे नव्याने झालेल्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत आणवले. बाग उघडली १८६२ मध्ये, म्हणजे तीही तेव्हा बाल्यावस्थेतच. तुकडे तिथे पडून राहिले. वर्ष दोन वर्षं नाही, जवळजवळ पन्नास वर्षं! शेवटी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर कॅडेल आणि हेवेट या दोघांच्या देखरेखीखाली ते पुन्हा जोडले गेले आणि हत्ती उभा राहिला.

मला यात विशेष वाटतं ते पन्नास वर्षांचं थांबणं. जोडणारे नंतर आले. त्यांच्या आधी ते तुकडे कुणी विकले नाहीत, कुणी फोडून खडी केली नाही आणि हे तुकडे घारापुरीच्या हत्तीचे आहेत हे कुणी विसरलं नाही. 'दगड ते दगड, कुठला का असेना' असं एकाही अधिकाऱ्याला वाटलं असतं, तर घारापुरी बेटाला ज्याच्यावरून ते नाव पडलं तो हत्ती आज नसता.

याच बागेत शंभर वर्षांनी आणखी पाहुणे आले. १९६५ मध्ये शहरातले इंग्रजांचे पुतळे चौकाचौकांतून हलवले गेले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे काळा घोडा. घोड्यावर बसलेले होते प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचे सातवे एडवर्ड. पुतळा बोएम या शिल्पकाराचा आणि १८७९ मध्ये तो शहराला भेट दिला अल्बर्ट ससून यांनी. लोकांनी स्वाराकडे कधी फारसं लक्ष दिलं नाही. नाव पडलं ते घोड्याचं. हा घोडाही भायखळ्याला राणीच्या बागेत आला. गंमत बघा, घोडा भायखळ्याला आणि नाव मात्र फोर्टातच राहिलं. २०१७ मध्ये त्या जागी नवा घोडा उभा केला, तो स्वाराशिवाय. मला हे आवडतं. परक्या राजाचा पुतळा चौकात नको होता, तो काढला. पण वितळवला नाही. इतिहास पटत नाही म्हणून त्याचं भंगार करायचं, हा मोह त्या वेळी टाळला गेला, याचं श्रेय तेव्हाच्या लोकांना द्यायला हवं.

आता थोडं मुंबईबाहेर. भंगारातून बाग म्हटलं की चंडीगडच्या रॉक गार्डनचं नाव येणारच. पण त्याची गोष्ट सांगताना आपण अर्धीच सांगतो. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. फाळणीत गाव पाकिस्तानात गेलं, स्वतः इकडे आले. नवीन शहर उभं राहत होतं आणि त्या नव्या शहरासाठी जुनी गावं पाडली जात होती. ते अवशेष, म्हणजे फुटक्या बांगड्या, कपबश्या, कौलं, सायकलींचे सांगाडे, विजेची जुनी बटणं, नेकचंद सायकलवर लादून जंगलाच्या एका सरकारी तुकड्यात नेत. १९५७ च्या सुमारास सुरुवात केली, रोज नोकरी संपल्यावर, आणि सुमारे १८ वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. सरकारी जमिनीवर विनापरवाना बांधकाम ते! सापडलं तेव्हा नियमाप्रमाणे पाडायलाच हवं होतं. पण बघायला लोक लोटले आणि १९७६ मध्ये बाग रीतसर लोकांसाठी खुली झाली. नेकचंदना पगार चालू ठेवून हाताखाली मजूर दिले गेले. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते गेले.

ही झाली पाठ असलेली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी, की त्या बांगड्या उजाड झालेल्या गावांतल्या बायकांच्या होत्या. त्या कपबश्यांतून कुणीतरी चहा प्यायलं होतं. स्वतःचं गाव गमावलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या गेलेल्या गावांचे तुकडे जपून ठेवले आणि त्यातून माणसं, बायका, प्राणी घडवले. म्हणून तिथे गेल्यावर पोटात काहीतरी हलतं. तयार मोर विकत आणून ते होणार नाही. आणि अशी बाग एकदा वाचली म्हणजे कायमची वाचली असंही नाही. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या पार्किंगसाठी याच बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला, तेव्हा चंडीगडचे लोक पुन्हा रस्त्यावर आले.

परत मुंबईत येऊ. आपल्या पिढीने डोळ्यांनी बघितलेली गोष्ट म्हणजे 'विक्रांत'.

आयएनएस विक्रांत, आपली पहिली विमानवाहू नौका. ४ मार्च १९६१ ला नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून तिच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. त्यानंतर काही वर्षं तिच्यावर संग्रहालय होतं. आमच्या मुलांच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या. त्या डेकवर उभं राहिलं की आपण समुद्रातल्या एखाद्या मैदानावर उभे आहोत असं वाटायचं. कायमचं संग्रहालय करायच्या घोषणा झाल्या, बैठका झाल्या, पैसा कुणी घालायचा यावर घोडं अडलं. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने लोकांना जाणं बंद झालं. लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली. काही नागरिक न्यायालयात गेले. २०१४ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडायचा मार्ग मोकळा केला. त्याच नोव्हेंबरात दारूखान्याला तोडणी सुरू झाली.

दारूखाना म्हणजे रे रोडच्या पूर्वेचा तो जहाजं तोडायचा किनारा. गॅस कटरच्या निळ्या ज्योती, ओहोटीच्या चिखलात उभी अर्धी जहाजं. १९७१ चं युद्ध लढलेली नौका तिथे पत्र्यापत्र्याने सुटी झाली. तिचा काही धातू बजाजने घेतला आणि त्यातून २०१६ मध्ये मोटारसायकल काढली, ते तुम्हाला आठवत असेल.

पण थोडा धातू दुसरीकडेही गेला. २५ जानेवारी २०१६ ला नौदल गोदीजवळ के. सुभाष मार्गावर विक्रांतचं स्मारक उघडलं. विक्रांतच्याच धातूतून केलेलं शिल्प. शिल्पकार अर्झान खंबाटा, शिक्षणाने वास्तुविशारद. मुंबईत भंगारातून शिल्पं करणाऱ्यांत त्यांचं नाव आघाडीवर आहे.

मी ते बघायला मुद्दाम गेलो. सुमारे २० हजार टनांची नौका आणि तिचं उरलेलं एवढंसं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिथे उभा असताना मला बोरिवली आठवली.

बोरिवली पश्चिमेला एकसर गावात वीरगळ आहेत. बोरिवलीकरांना माहीत असतील, इतरांसाठी सांगतो. लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभ्या केलेल्या दगडी शिळा म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रात गावोगावी आहेत. साधारण रचना ठरलेली. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. एकसरचे वीरगळ वेगळे आहेत कारण त्यांच्यावर आरमारी लढाई कोरली आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, एकमेकांवर चालून जाणारी. ते शिलाहार काळातले मानले जातात. लढाई नक्की कोणती, वीर कोणते, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

म्हणजे समुद्रावर लढलेल्यांची उघड्यावरची स्मारकं आपल्या उपनगरात शेकडो वर्षांपासून आहेत. विक्रांतचं शिल्प हा माझ्या लेखी त्याच परंपरेतला पोलादी वीरगळ. फरक एवढाच, की त्याच्या बाबतीत लढाई कोणती आणि नौका कोणती हे आपल्याला माहीत आहे, कारण ते आपण सांगून ठेवलंय. एकसरच्या वीरांचं नाव मात्र आपल्याकडून सुटलं. गावाने दगड सांभाळले, त्यांना देव मानलं, म्हणून ते उरले. नाव नाही उरलं.

आता आपल्या दाराशी येतो.

१५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी डबलडेकर धावली, ती कुठे? आपल्या उपनगरातच. ४१५ नंबर, अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला. १९३७ पासून मुंबईत चालत आलेली गाडी त्या दिवशी थांबली. लोकांनी हार घातले, फुगे बांधले, फोटो काढले. महिनाभराने ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. ही पद्मिनी कुठे बनायची? कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात. मुंबईची ओळख म्हणून जगभर जिचे फोटो गेले ती गाडी आपल्या उपनगरातल्या कामगारांच्या हातची. कुर्ला, अंधेरी, घाटकोपरच्या किती बागांत तिचं नुसतं एक दार तरी लावलेलं तुम्ही बघितलंय? मी तरी नाही.

आणि हे झालं प्रसिद्ध वस्तूंचं. एलबीएस रोडच्या कारखान्यांचं काय? घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सकाळी भोंगे वाजायचे, त्यावर घड्याळं लावायचे लोक. इंजिनिअरिंग, औषधं, टायर, विजेचं सामान, काय बनत नव्हतं? आज त्यातल्या कितीतरी जागांवर मॉल आणि टॉवर आहेत. भोंगा गेला, पाळ्या गेल्या, डबा घेऊन सायकलने जाणारी माणसं गेली. मशिनं वजनावर गेली.

माझे बाबा त्यातल्याच एका कंपनीत २६ वर्षं होते. टर्नर म्हणून लागले, नंतर गिअर कापायच्या मशिनवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, जुनी भांडणं उकरायची नाहीत. नव्वदच्या दशकात ती बंद झाली, बाबांनी हिशेब घेतला आणि पुन्हा त्या गेटकडे बघितलं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाला फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून आम्ही याच पट्ट्यातल्या एका नव्या टॉवरमध्ये गेलो. बाबाही आले होते. खाली लॉन, कारंजं आणि मधोमध चौथऱ्यावर एक भलंमोठं दातेरी चाक, जवळजवळ पाच फूट व्यासाचं. सोनेरी रंग दिलेलं. बाजूला छोटी पाटी, 'कृपया शिल्पाला हात लावू नये.'

बाबा थेट त्याच्यापाशी गेले. मधल्या भोकातून अंगठा फिरवला, दात मोजायला लागले. म्हणाले, "बीड आहे. चांगलं ओतलंय." तेवढ्यात वॉचमनने शिट्टी मारली. बाबांनी हात मागे घेतला. शाळेतल्या मुलासारखा.

मी त्या सेल्सच्या मुलीला विचारलं, हे चाक कुठलं? ती म्हणाली, "सर, लँडस्केपवाल्यांनी आणलंय. इंडस्ट्रियल थीम आहे."

ते चाक बाबांच्या कंपनीतलं होतं असं मी म्हणत नाही. असेल, नसेल. परराज्यातल्या भंगारातून आलेलं असेल. घरी येताना रिक्षात बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चाक कुठलं का असेना. लिहायला काय जातं?"

बाबा आता नाहीत. पण रविवारच्या बैठकीत कंत्राटदाराच्या तोंडी 'कुठलं का असेना' हे शब्द आले आणि मला ती रिक्षा आठवली. शब्द तेच. बाबांचं वाक्य पुढे जात होतं, त्याचं तिथेच संपलं.

आता मुद्द्याचं. आमच्या ओळखीच्या एका काकांचा भांडुपला गाळा आहे. गाळ्यांची इमारत पुनर्विकासाला चाललीय. त्यांच्याकडे साठच्या दशकातला एक लेथ आहे, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचा. तीन माणसांनी त्याच्यावर आळीपाळीने आयुष्य काढलं, त्यात काका स्वतः एक. मुलाला हा धंदा करायचा नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला. काका म्हणतात, बागेत लावणार असाल तर मी विकत नाही, तसाच देतो. पण मेअखेरीपर्यंत सांगा, गाळा रिकामा करायचाय.

बैठकीत मी हे मांडलं तेव्हा शंका आल्या आणि त्या रास्त होत्या. म्हणून थोडी चौकशी करून उत्तरं लिहितो.

गंजणार नाही का? गंजेल, मुंबईचा पाऊस आणि खारी हवा आहे. पण लेथचा बेड बीडाचा असतो, जाड असतो, पातळ पत्र्यासारखा दोन पावसाळ्यांत खलास होत नाही. तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर मारून, वर मशिनचा मूळ हिरवा-करडा रंग द्यायचा. दर दोन वर्षांनी पावसाळ्याआधी पुन्हा एक हात. सोनेरी रंग देऊ नये, हात जोडून विनंती.

मुलांना लागलं तर? गिअरबॉक्समधलं तेल आधी काढायचं. फिरणारे भाग वेल्डिंगने जाम करायचे, गिअरवर झाकण ठेवायचं, धारदार कडा घासून घ्यायच्या. खाली फूटभर उंच काँक्रीटचा ओटा आणि त्यात बोल्ट, म्हणजे मशीन हलणार नाही.

पाणी साचून डास होतील? जिथे जिथे खोलगट भाग आहे तिथे खालून भोक पाडायचं आणि ओट्याला ढाळ द्यायचा. गाळ्यातला कुठलाही फिटर तासाभरात करून देईल.

चोरी? पितळेचे आणि तांब्याचे भाग जाणारच, हे गृहीत धरा. ते आधीच काढून काकांना परत द्या. पाटीही पितळेची नको, काळ्या दगडात कोरलेली हवी. दगडाला भंगारात भाव नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, कागद. देणगीपत्र लिहून घ्यायचं आणि उद्यान खात्याच्या नोंदवहीत त्या वस्तूची नोंद करून घ्यायची. नाहीतर पाच वर्षांनी नवा कंत्राटदार येईल, नवीन हरणं आणेल आणि 'जुना लोखंडी सांगाडा हटवला' असं एक बिल लावेल. राणीच्या बागेतले तुकडे पन्नास वर्षं टिकले ते कुणाच्या तरी लक्षात होतं म्हणून. आपल्याला लक्षात राहायची खात्री नसेल, तर नोंद हवी.

शिल्पकार आणायचा असेल तर जरूर आणा, त्याला त्याचे पैसे द्या, त्याचं नाव लावा. लेथ आहे तसाच हवा असा माझा हट्ट नाही. विक्रांतचीही नौका राहिली नाही, शिल्पच झालं. पण एखादा भाग तरी असा राहू द्या, की त्या मशिनवर काम केलेल्या माणसाने बघितल्यावर त्याला ते ओळखू येईल.

त्या मुलीला, जी बैठकीत पहिल्यांदा बोलली, मी पाटीचा मजकूर लिहायला सांगितलाय. काकांशी बोलून. मशीन कुठे बनलं, कोणत्या साली आलं, त्याच्यावर काय काय बनलं आणि कुणी काम केलं, तिघांचीही नावं, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारून. चार-पाच ओळी पुरे.

फायबरच्या हरणाशी माझं वैर नाही. लहान मुलांना ते आवडतं, एक असू द्या कोपऱ्यात. पण उद्या एखाद्या नातवाने आजोबांना विचारलं, की इथे आधी काय होतं, तर हरीण त्याला काही सांगू शकणार नाही.

पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला, बागेतच. आपल्या भागातले जे कोणी या कारखान्यांत होते, टर्नर, फिटर, मोल्डर, पॅकिंगमधल्या ताई, त्यांनी आवर्जून यावं. तुमच्याकडे, तुमच्या सोसायटीच्या मागे, बंद गाळ्यात अशी एखादी वस्तू पडली असेल तर ती वजनावर घालण्याआधी एक फोन करा. अंधेरी, बोरिवली, कुर्ल्याच्या मित्रांनाही हेच सांगणं. तुमच्या इथे याहून जुनं आणि मोठं काहीतरी नक्की असेल.

आणि हो, पाटीच्या शेवटच्या ओळीबद्दल माझी एक सूचना आहे. ती बैठकीत मांडीन, इथेही लिहून ठेवतो.

'हात लावायला हरकत नाही.'